पुडीचा कागद

सरकार, विरोधक आणि घरची मंडळी यांच्यावर सारखाच अविश्वास, आणि गिऱ्हाइकावर मात्र आंधळा विश्वास ठेवणारा माणूस हुबळीच्या बाजारात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. पुड्या बांधायला सगळेच किराणावाले रद्दी वापरत. मामा रद्दी निवडत. चहा सरकारी योजनांच्या कागदात, साखर विरोधकांच्या पत्रकात, आणि दोन्ही पुड्या एकाच पिशवीत. "एकाच बाजूचं दिलं तर वजनात मारल्यासारखं होतं की री," म्हणायचे. कुणाला एखादा पुढारी आवडतो असं कळलं, की त्याच्या डाळीला हटकून त्या पुढाऱ्याला शिव्या दिलेला कागद लागे. मामी चिडत, "गिऱ्हाईक तुटेल." मामा म्हणत, "डाळ चांगली आहे. येईल."

मी धारवाडला सरकारी प्रचाराच्या कचेरीत कारकून. आणीबाणीत लोकांनी काय वाचू नये ते आमच्या टेबलांवर ठरे. बंदीची पत्रकं बांधू नका, आत टाकतील, असं सांगायला मी एकदा मुद्दाम गेलो. मामा गूळ फोडत होते.

"जावईबापू, तुम्ही वाचलीत ती?"

"वाचावी लागतात."

"मग बिघडलात?"

मी रस्त्याकडे बघून घेतलं, कुणी ऐकत तर नाही ना.

"तुम्ही नाही बिघडलात. मग माझं गिऱ्हाईकच तेवढं खुळं, होय?" आणि तसल्याच एका बंदीच्या पत्रकात गूळ बांधून त्यांनी माझ्या हातात दिला. मी कोपऱ्यावर कागद गटारात टाकला आणि गूळ तसाच खिशात घालून घरी आणला. पँट धुताना बायको काय बोलली, ते इथं लिहीत नाही.

पुढे काही वर्षांनी मामा महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. विरुद्ध उमेदवारानं पत्रक काढलं: हे तिखटात विटांची पूड घालतात. दुकानाचं नावच जायची वेळ. मी म्हटलं, जप्त करायला लावतो. मामा प्रथमच माझ्यावर ओरडले, "माझ्याबद्दल खोटं आलं म्हणून बंदी? मग तुमच्यात न् माझ्यात फरक काय राहिला?" हाती आलेलं एकुलतं एक पत्रक त्यांनी तराजूच्या वर खिळ्याला टांगलं. लोक वाचत आणि कानडीत म्हणत, "अण्णा, आज विटा जरा जास्त घाला." तिखट मात्र नेत.

निवडणुकीत मामा दणकून पडले. तरी खूश. "बघा, मला पाडलं, पण तिखट माझंच नेतात. लोकांना सगळं कळतं. गावभर वाटलं असेल ते पत्रक, एकानंही मानलं नाही." मरेपर्यंत ही गोष्ट त्यांनी सांगितली, आणि दर वेळी साक्षीला माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

ते पत्रक गावभर वाटलं गेलंच नव्हतं. ओळखीच्या फौजदाराच्या कानात मी एक शब्द टाकला होता, आणि उरलेले गठ्ठे छापखान्यातूनच उचलले गेले होते. मामांवर माझं प्रेम होतं. लोकांवर भरवसा नव्हता.

आज कुणी म्हणालं की सामान्य माणसाला खोटं ओळखता येत नाही, त्याच्यापासून ते लपवायला हवं, तर मी भांडायला उठतो. मामांचा दाखला देतो. देता देता मधेच थांबतो, कारण तो दाखला पुरा होऊ दिला नाही तो मीच. गठ्ठे वाटले गेले असते, तरी लोकांनी तिखट नेलं असतं. बहुतेक नेलंच असतं. आता ते कधीच कळायचं नाही. गूळ मात्र मी हल्ली कागदासकट घरी आणतो, आणि आधी कागद वाचतो.