उघड्या डबीचा नियम

डबी उघडी असली की आमच्या प्रयोगशाळेत सरसुद्धा तोंड मिटून उभे राहत. नियम मामांचा. हुद्द्याने ते मदतनीस, पण सत्तावीस वर्षं फुलपाखरांचे पंख डबीतून चिमट्याने काचेवर ठेवणारा हात त्यांचाच. त्या निळ्या पंखांत निळा रंग नसतोच. खवल्यांवरच्या अतिबारीक नक्षीमुळे उजेडातला निळा तेवढा परत फिरतो. असला पंख श्वासानेही उडतो. एकदा मामांना शिंक आली, तर ते धावत जिन्यापर्यंत गेले आणि तिथे शिंकले. आम्ही आठवडाभर हसत होतो.

तशीच नक्षी मला काचेवर उतरवायची होती. दोन वर्षांच्या खटपटीनंतर नखाएवढा निळा तुकडा झाला, तो डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर तो हिरवा, आणि मामा उघड्या डबीवर वाकलेले. उचलली जीभ लावली टाळ्याला. स्पिरिटने पुसलात ना, म्हणून मी ओरडले. ते ओठांवर बोट ठेवून गप्प. मला ती कबुलीच वाटली. तडक सरांकडे गेले. दुपारपर्यंत मामांची तळघरातल्या भांडारात बदली झाली.

तीन दिवसांनी डबी उघडली. तुकडा पुन्हा निळा होता, आणि शेजारी ओल शोषणारी पुडी, मामांच्या पद्धतीने दोऱ्याने बांधलेली. तुकडा हिरवा दिसला त्याच्या आदल्या संध्याकाळी झाकण उघडं टाकून घरी गेलेली मीच. हवेतली ओल नक्षीत शिरली म्हणून रंग बदलला, सुकल्यावर परत आला. चोर सोडून संन्याशाला फाशी. हे सरांना सांगायचं सोडून मी त्यावरच शोधनिबंध लिहिला: ओल ओळखणारी काच. शाबासकी मिळाली. तळघराचा जिना मी टाळू लागले. स्वतःची लाज वाटायची, तरी टाळलाच.

मामा निवृत्त होणार त्या आठवड्यात मात्र राहवेना. डबी घेऊन खाली गेले, त्यांच्यापुढे उघडली आणि माफी मागू लागले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, झाकण लावलं, मग बोलले.

"उघड्या डबीवर बोलायचं नसतं, ताई. त्या दिवशी झाकण लावून वळलो, तर तुम्ही सरांकडे निघून गेला होतात. नंतर मला कुणी विचारलंच नाही." डबी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आठ महिने झाले. सरांना सांगितलंत?"

मी नाही म्हटलं. त्या आठ महिन्यांत मला गप्प बसायला लावणारी कुठलीच डबी माझ्यापुढे उघडी नव्हती.