कानावरून ओळखणारे डॉक्टर

माणसाला चेहरा असतो, हे आमच्या कानाच्या डॉक्टरांना कुणी सांगितलेच नसावे. लातूर जिल्हा नवा होता, दवाखान्याच्या पाटीवरचे जुन्या जिल्ह्याचे नावही अजून पुसले नव्हते, आणि हे गृहस्थ माणसे ओळखत ती कानावरून. अहमदपूरच्या स्टँडवर एकदा मी नमस्कार केला. त्यांनी ओळखले नाही. मग जरा बाजूला वाकून पाहिले आणि एसटीच्या घरघरीच्या वर आवाज काढून ओरडले, "अरे, तू होय! तुझ्या मायच्या दोन्ही पडद्यांना भोकं हायत!" सगळे स्टँड माझ्याकडे पाहू लागले.

त्या वर्षी पाणी नव्हते. कान धुवायला डॉक्टर पेलाभर कोमट पाणी घेत. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "साहेब, कानात घालाया पाणी हाय, अन् प्यायला न्हाई?" डॉक्टरांनी घरून आणलेला आपला तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः दिवसभर तसेच राहिले. माझ्या मायला मात्र म्हणाले, "तुम्ही दुष्काळाचा फायदा घ्या बाई. कानात थेंब जाऊ देऊ नका."

माय रोजगार हमीवर खडी फोडायची. सुरुंग उडायच्या आधी मुकादम ओरडायचा, सगळे पळायचे, ती बसून राहायची. एकदा शेजारणीने ओढली म्हणून वाचली. तिला ऐकू आलेच नाही तर कॉलेज सोडून तिच्या जागी जायचे, असे मी ठरवले होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. मायला हे सांगायचा धीर झाला नाही, डॉक्टरांना सांगितले. ते नुसते "हं" म्हणाले.

त्यांची तपासणी ठरलेली. रोग्याच्या मागे उभे राहून ते कुजबुजत, "टँकर आला." त्यांची कुजबुजसुद्धा अशी, की पहिल्या दिवशी दाराच्या पडद्यापलीकडच्या बाया उठून धावल्या. माय तेवढी बसून होती.

उजव्या कानाचा पडदा बसवल्यावर काही महिन्यांनी पुन्हा बोलावले. मला काळजी. आदल्या दिवशी मी मायला खुणा करून करून पढवले, की डॉक्टर मागं गेले की काय म्हणायचं. डॉक्टर मागे गेले. त्यांनी तोंड उघडायच्या आतच माय म्हणाली, "टँकर आला!"

डॉक्टरांनी माझ्या कानांकडे रोखून पाहिले. माझे कान तापले. मग त्यांनी तिचा डावा कान हाताने झाकला, आणि खरोखर हळू, मलाही जेमतेम कळेल असे म्हणाले, "पोरगा पास झाला."

माय गर्रकन वळली. "कवा? मला कसं न्हाई सांगितलंस रे?"

परीक्षेलाच अजून महिना होता. पण मायने तोवर गावभर सांगून टाकले, आणि मला पास होण्यावाचून दुसरा रस्ताच राहिला नाही.

झालो. सांगायला दवाखान्यात गेलो, तर त्यांची बदली झाली होती. नव्या डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारले, "काय होतंय?"

"काही नाही," म्हणालो, आणि उगीच जरा वेळ, कान त्यांच्याकडे करून उभा राहिलो.