हेडसेटवरची चिकटपट्टी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. गेला महिनाभर घास गिळवत नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय.

अंधेरीच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये मी शिकवते. कारखान्यात छताखालून सरकणारी क्रेन कशी चालवायची, ते आम्ही डोळ्यांवर हेडसेट चढवून शिकवतो. समोर खरं काहीच नसतं, पण माणसाला वाटतं आपण उंच केबिनमध्ये बसलोय. क्रेन सरकते, अंग मात्र खुर्चीतच — आणि मग मळमळतं. पुरुषांनाही होतं. पण बायकांना जास्त, हे मी रोज बघत होते. आमच्याकडे त्यावर एकच उत्तर होतं — बायका नाजूक.

मी तेवढी नाजूक नव्हते म्हणे. शिकवणाऱ्यांत मी एकटी बाई. सेंटरचे सर मला सगळ्यांसमोर उभं करून सांगायचे, हिला बघा, हिला कधी काही झालं नाही. साफ खोटं. पहिले दोन महिने डेमो संपला की मी बाथरूममध्ये जाऊन ओकायचे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून. मग एकदा कळलं — हेडसेटच्या खाली एक खिट्टी असते, तिने आतली दोन भिंगं एकमेकांच्या जवळ-लांब होतात. माझ्या दोन डोळ्यांत अंतर कमी आहे, आणि भिंगं पुरुषांच्या मापाने लांब ठेवलेली. ती जवळ घेतली आणि माझा त्रास निम्म्यावर आला. कारणं आणखीही असतील, मला शास्त्र ठाऊक नाही. उरलेलं मी गोळीवर निभावलं.

हे सांगायला नको होतं का? मी काय केलं — प्रत्येकाच्या मापाने भिंगं लावण्यात वेळ जातो म्हणून सगळ्या खिट्ट्या होत्या तिथेच ठेवून वर चिकटपट्टी लावली. कल्पना माझीच. शाबासकीही मिळाली. फक्त माझ्या हेडसेटला पट्टी नव्हती.

मग मुलुंडहून सुषमा आली. एका छोट्या कारखान्यात बारा वर्षं पॅकिंग केलेली. तिथल्याच क्रेनवर बसायचं होतं तिला, आणि मालकाने एकच संधी दिली होती — आमची परीक्षा. हात इतका स्थिर की मीच बघत राहिले. पण अर्ध्यावर तिने हेडसेट ओढून काढला आणि बादलीवर वाकली. तोंड पुसत मला हळूच म्हणाली, "मॅडम, खरं सांगा ना, तुम्हाला कधी असं होतं?"

पट्टी काढायला किती वेळ लागला असता? माझा हेडसेट तर तिथेच, टेबलावर होता. पण मग सर विचारणार — तुला कसं माहीत?

"नाही गं," मी म्हणाले. "मला कधीच नाही."

आणि फॉर्मवर लिहिलं — प्रकृती या कामास योग्य नाही. खाली सही माझी. बाईनेच लिहिलंय म्हटल्यावर शंका कोण घेणार? तिच्यानंतर आणखी किती जणींच्या फॉर्मवर मी तेच लिहिलं — मोजायची हिंमत नाही माझ्यात. पट्ट्या अजून तशाच आहेत.

गेल्या महिन्यात सुषमा मुलुंडच्या भाजी मार्केटात भेटली. अजून पॅकिंगलाच आहे. राग नाही, काही नाही — उलट आनंदाने हात धरला माझा. सोबत तिची दहावीतली मुलगी, गाल फुगवून. शाळेत असेच हेडसेट आणले होते, सगळ्या पोरांनी लावून बघितले, हिला आईने लावू दिला नव्हता.

"ह्याच त्या मॅडम," सुषमा तिला म्हणाली. "आपल्याला नाही सोसत ते, यांनी तपासून लिहून दिलंय. विचार पाहिजे तर."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला माझ्याकडून "नाही, तसं काही नाही" असं ऐकायचं होतं, ते स्पष्ट दिसत होतं.

मी हो म्हणाले.