मोगीबाईंची हाक

"हाई पोर मुकी शे का काय?"

धडगाव सोडल्यावर जीपच्या मागच्या बाकावरून हे ऐकू आलं. ड्रायव्हरदादांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "शहरनी शे. तिले बोलानं जड जास." सगळे हसले. बाबा काकांशी फोनवर अहिराणीतच बोलतात, त्यामुळे मला शब्दन्‌शब्द कळत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

डांबरी रस्ता संपला तिथे जीप थांबली. पुढे डोंगर सरळ खाली उतरत गेला होता आणि तळाशी, धरणाने अडवलेलं नर्मदेचं पाणी दूरवर पसरलं होतं. नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, पण इथे उभं राहिल्यावर ते आठवत नाही. हीच जीप संध्याकाळी पाचला परत निघणार होती.

धडगावात नर्स असलेल्या मैत्रिणीने पाण्यापर्यंतची वाट दाखवायला मोगीबाईंशी गाठ घालून दिली होती. त्या तिथेच वाट बघत होत्या. पन्नाशीच्या, अनवाणी, हातात विळा. घरी पावरी बोलतात, माझ्याशी मोजकं मराठी. त्यांनी एकच नियम सांगितला. "वळणावर मी हाक देणार, हूऽऽ. तू पण हूऽऽ. नाही बोलली तर मी समजणार, पडली." मग म्हणाल्या, "अस्वलाला पण कळतं, माणूस येतंय."

पहिल्या वळणावर मी उत्तर दिलं. खालून हसू आलं. "मच्छर बोललं का?"

वाट म्हणजे सुटे दगड आणि वाळलेलं गवत. एका वारुळाची एक बाजू ताजी उकरलेली होती. अस्वलाचंच काम असणार, म्हणून मी भराभर पावलं उचलली. तिसऱ्या वळणावर सागाच्या उघड्या फांदीवर भर उन्हात एक छोटं घुबड बसलेलं दिसलं. रानपिंगळा. पिवळे गोल डोळे थेट माझ्यावर. खालून हाक आली, पुन्हा आली. मी हलले नाही.

थोड्या वेळाने मोगीबाईच धापा टाकत वर आल्या. ठेच लागून अंगठ्यातून रक्त येत होतं.

"पडली?"

"नाही. पक्षी..." मी बोट दाखवलं. फांदी रिकामी होती.

"पक्षी जाईल, परत येईल. तू गेली तर मी कुठून आणू?"

खरं सांगायचं तर त्या वळणावरची पहिली हाक पक्षी दिसायच्या आधीच येऊन गेली होती. मला फक्त ओरडायची लाज वाटली होती. शाळेत असताना दिवसाला दहा वेळा म्हटलेलं 'सॉरी' त्या अंगठ्यापुढे फारच हलकं वाटलं, आणि दुसरं काही तोंडातून निघेना. त्यांनी कसलासा पाला चुरगळून जखमेवर दाबला आणि पुन्हा उतरायला लागल्या.

काठावर बुडालेल्या झाडांचे शेंडे पाण्याबाहेर उभे होते. त्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. चिखलात पडलेलं एक लाकूड मी बराच वेळ बघत होते, तेवढ्यात ते पाण्यात सरकलं. मगर! मी दोन पावलं मागे आले. मोगीबाई म्हणाल्या, "भिऊ नको. तू बारीक आहे, तिचं पोट नाही भरणार." आम्ही मक्याची जाड रोटी आणि उडदाची झणझणीत डाळ खाल्ली. पाण्यावरून गार वारा येत होता. बोलायची गरज नव्हती आणि मला फार बरं वाटत होतं.

परतताना अर्ध्या चढावर त्यांचा पाडा (वस्ती) लागला. शेळ्या बांधायच्या होत्या. "आता वाट एकच. वर पोचली की हूऽऽ दे. नाही आली हाक, तर मी येणार."

मी वर पोचले तेव्हा जीपभोवती सकाळचीच माणसं चहा पीत होती. त्यांच्यासमोर ओरडायचं? मी गुपचूप आत जाऊन बसले. मैत्रिणीला सांगून निरोप पाठवता येईल, असंही मनाशी ठरवलं.

खालून हाक आली. हूऽऽ.

ड्रायव्हरदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओढणी सारखी केली.

दुसरी हाक आली. ती जवळून आली होती. तो दुखरा अंगठा घेऊन त्या चढायला लागल्या होत्या.

मी जीपमधून उतरले, कड्यापर्यंत धावत गेले. इतका मोठा माझा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"हूऽऽ! मावशीऽऽ, मी पोचले! वर येऊ नकाऽऽ! आणि सकाळी चुकलं माझं!"