निमकरांचे तीन फ्लॅश आणि वरच्या मजल्यावरचा शंख

रविवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी श्यामकांत निमकर भवानीपूरमधल्या भाड्याच्या हॉलमध्ये स्टुलावर चढून तिसऱ्या फ्लॅशची छत्री सरळ करत होते. समोर मराठी मंडळाचे चोपन्न सभासद तीन रांगांत उभे राहण्याच्या बेतात होते. बेत अर्धा तास चालला होता, कारण एकाला जागेवर आणले की दुसरा तिळगूळ घ्यायला जात होता.

निमकर त्रेसष्ट वर्षांचे आहेत. एकोणतीस वर्षे त्यांनी खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये काढली. पेटी उघडायची, आतला माल कागदाशी ताडून पाहायचा, वहीत नोंद करायची आणि खाली सही. निवृत्त झाल्यावर बरोबरीचे लोक पुण्या-नाशिकला परतले, निमकर राहिले. का, असे विचारले तर ते सांगतात की सामान फार आहे. त्यांच्या पत्नी वृंदा यांच्या मते सामान म्हणजे हे तीन फ्लॅश.

सियालदहजवळचा एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा हे फ्लॅश निमकरांकडे आले. एकेक फ्लॅश दुधाच्या किटलीएवढा आणि चार किलोंचा. एकदा उडाला की पुन्हा भरायला सात सेकंद घेतो आणि तेवढा वेळ बारीक शिट्टी घालतो. मंडळाच्या वार्षिक फोटोत सगळ्यांचे चेहरे किंचित कान टवकारल्यासारखे दिसतात, ते या शिट्टीमुळे.

पूर्वी कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यामध्ये वायर असे. दोन वर्षांपूर्वी बँकेत नुकतेच बदलून आलेले एक मॅनेजर त्या वायरीत अडकले आणि फ्लॅश छत्रीसकट गुळपोळ्यांच्या परातीत पडला. मॅनेजरांना काही झाले नाही, फ्लॅशलाही नाही. पोळ्या मात्र गेल्या, आणि मंडळाने यापुढे वायर नको असा ठराव केला. त्याच सुमारास निमकरांचा जुना कॅमेरा बंद पडला. नवा कॅमेरा या फ्लॅशना वायरीने जोडणे धोक्याचे होते. जुन्या फ्लॅशमधून वायरीवाटे जवळजवळ दोनशे व्होल्ट उलटे येतात. जुन्या कॅमेऱ्याला ते चालत, नव्याचे आतले भाग जळू शकतात. म्हणून त्यांनी चांदनी बाजारातून वायरलेस ट्रिगरचा संच आणला. एक डबी कॅमेऱ्यावर बसते, तीन डब्या तीन फ्लॅशना लागतात. बटण दाबले की कॅमेऱ्यावरची डबी हवेतून हुकूम सोडते.

गेल्या वर्षीचा फोटो या संचावरचा पहिला. निमकरांनी शटरचा वेग जास्त ठेवला होता. हुकूम पोचायला क्षणाचाही बारीक तुकडा लागतो, तेवढ्यात शटरचा पडदा परत निघाला आणि फोटोचा खालचा भाग काळा आला. उभ्या दोन्ही रांगा लख्ख होत्या. खुर्च्यांवर बसलेली कार्यकारिणी अंधारात गेली. चिटणीस मंजुषा देवधर यांचा फक्त अंबाडा आला.

यंदा मंजुषाताईंनी अट घातली. निमकरांना दोन वेळा बटण दाबता येईल. तेवढ्यात जमले नाही तर फोटो सलील काढेल, मोबाइलवर, आणि पुढच्या वर्षापासून तोच काढेल. सलील सेक्टर फाइव्हमध्ये सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे आणि त्याच्याकडे मोबाइल लावायची उंच काठी आहे. बावीस वर्षे हा फोटो निमकरांनीच काढला आहे. मंडळात दुसरे कोणतेही पद त्यांनी कधी घेतलेले नाही.

त्यामुळे आधीचे तीन दिवस त्यांनी घरी तपासणी केली. मीटर लावून व्होल्ट मोजले: एकशे नव्वद. ट्रिगरच्या माहितीपत्रकात तीनशेपर्यंत चालतील असे छापले होते. शटरचा वेग कमी करून सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागावर आणला. वृंदाताईंना खुर्चीत बसवून दोनशे फोटो काढले. त्यांतला एकही ठेवण्यासारखा नाही, याबद्दल नवरा-बायकोचे एकमत झाले. पण काळी पट्टी एकातही नव्हती. वहीत तशी नोंद झाली आणि खाली सही.

अकरा सेहेचाळीसला निमकरांनी मोजायला सुरुवात केली. ते दोन म्हणाले आणि तिन्ही फ्लॅश उडाले. बटणावरचे बोट खाली यायचे होते, ते आले तेव्हा फ्लॅश शिट्टी घालत होते. फोटो काळा.

"एक झाला," मंजुषाताई म्हणाल्या.

मग फ्लॅश आपले आपणच उडू लागले. कुणी पदर सारखा करताना, कुणी दातातला तीळ काढताना. पुष्कळदा पूर्ण भरण्याआधीच उडत, त्यामुळे उजेडही अर्धामुर्धा. निमकर कॅमेऱ्यापासून चार हात लांब उभे होते.

"काका, लाइटांना बाधा झालीय तुमच्या," सलील मागच्या रांगेतून म्हणाला. "माझा मोबाइल कसा, सांगितल्याशिवाय काही करत नाही."

निमकरांनी दुसऱ्यांदा बटण दाबले नाही. त्यांनी वही काढली, घड्याळ मनगटावरून सोडून टेबलावर ठेवले आणि फ्लॅश उडेल तेव्हाची वेळ लिहायला लागले. चोपन्न माणसे हसरे चेहरे करून उभी होती. ते हसू हळूहळू उतरले. पुढच्या खुर्चीतल्या मीनाताई जोग, वय ब्याऐंशी, यांनी आपल्याला जेवायला केव्हा मिळणार हे विचारले आणि पर्समधून बिस्कीट काढले.

पाचव्या नोंदीपाशी निमकरांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितले. हॉल शांत झाला. वरच्या मजल्यावर शंख वाजला, त्यामागून बायकांचा उलूध्वनी, जिभेने काढायचा तो मंगल आवाज, आला, आणि खाली फ्लॅश उडाले. दोन मिनिटांनी पुन्हा तसेच.

"वर बारसं आहे का काही?" त्यांनी विचारले.

वृंदाताईंनी जिन्यातली फुले येतानाच पाहिली होती. "अन्नप्राशन आहे. बाळ गोड आहे. मी बघून आले."

निमकर जिना चढून वर गेले. मुकुट घातलेले सहा महिन्यांचे बाळ मामाच्या मांडीवर बसले होते आणि समोर एक बंगाली फोटोग्राफर गुडघ्यावर बसून घामाघूम झाला होता. त्याच्या कॅमेऱ्यावर हुबेहूब तीच डबी होती. निमकरांनी बंगालीत ओळख सांगितली. फोटोग्राफरने आपली कहाणी सांगितली: पावणेबाराच्या सुमारास त्याचे बटण दाबलेले नसताना त्याचे दिवे एकदा उडाले होते आणि बाळ दचकून रडले होते. ते बटण निमकरांचे होते. दोघांच्या डब्या एकाच चॅनलवर बोलत होत्या.

चॅनल बदलायचे चार चिमुकले खटके डबीच्या पाठीवर असतात, एका झाकणाखाली. दोघांच्याही झाकणांवर कंपनीची चांदीच्या रंगाची चिकटपट्टी शाबूत होती. फोटोग्राफरने आळसाने ती काढली नव्हती. निमकरांनी तत्त्वाने काढली नव्हती. पट्टी शाबूत असेल तर माल खरा, हे त्यांनी एकोणतीस वर्षे मानले; कित्येक पेट्या त्यांनी केवळ पट्टी हललेली दिसली म्हणून अडवल्या. व्होल्ट मोजले, सेकंद मोजले, पण झाकण उघडले नाही.

फोटोग्राफर म्हणाला की बाळाच्या तोंडात पायस घालायचा मुहूर्त बारा वीसचा आहे, तोवर त्याला कशालाही हात लावता येणार नाही. मग त्याने निमकरांना संदेश मिठाईचा एक तुकडा खायला दिला. तो खाऊन निमकर खाली आले.

"मंजुषाताई, जरा इकडे या. सलील, तूही ये. सील तोडायला दोन साक्षीदार लागतात."

"कुणाला लागतात?" मंजुषाताईंनी विचारले.

"मला."

वृंदाताईंनी खांद्यावरची सेफ्टी पिन काढून दिली. "हे निवृत्त झालेत," त्या मंजुषाताईंना म्हणाल्या, "पण ते यांना कळवायचं राहिलंय."

निमकरांनी पिनेच्या टोकाने पट्टी उचलली, अर्धवट थांबले, चष्मा पुसला आणि उरलेली ओढून काढली. चारही डब्यांवर डावीकडून दुसरा खटका खाली केला. निघालेल्या पट्ट्या वहीत चिकटवल्या, वेळ लिहिली: बारा अकरा. साक्षीदारांनी सह्या केल्या. सलीलने सहीखाली मोबाइल नंबरही दिला.

वर शंख वाजला. चोपन्न माणसांनी श्वास रोखून फ्लॅशकडे पाहिले. फ्लॅश ढिम्म. मीनाताईंनी बिस्किटाचे कागद पर्समध्ये ठेवले आणि पाठ ताठ केली.

"सलील, जागेवर जा," निमकर म्हणाले. "एक. दोन."

तीनला बटण दाबले. तिन्ही फ्लॅश एकदम उडाले, भरून, आणि शिट्टी सुरू झाली.

कुणी जागचे हलले नाही. मंजुषाताई उठून कॅमेऱ्याच्या मागे आल्या आणि छोट्या पडद्यावरचे चित्र मोठे करून पुढची रांग एका टोकापासून बघत गेल्या. स्वतःपाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या. अंबाड्याखाली चेहरा होता.

"सलीलचे डोळे मिटलेत," निमकर प्रामाणिकपणे म्हणाले. "तिसऱ्यांदा दाबायची परवानगी असेल तर—"

"असू देत मिटलेले." मंजुषाताईंनी कॅमेरा परत दिला. "पुढच्या वर्षी अकरालाच उभं करा सगळ्यांना. पोळ्या गार होतात."

मंडळाच्या इतिवृत्तात हा निर्णय एवढ्याच शब्दांत आहे. सलील काठी मिटून पंगतीत बसला आणि निमकरांनी त्याला स्वतः दुसरी पोळी वाढली.

उद्या सोमवार. मौलालीच्या फोटो लॅबचे शटर अकराला वर जाते. निमकर पावणेअकराला तिथल्या पायरीवर असतील, चोपन्न प्रतींची यादी घेऊन.