अंबाडीच्या धाग्यावरचा निनावी प्रतिसाद

त्या तक्रारीचा खटला कधी उभाच राहिला नाही, तरी कोणी नोकरीतली एखादी गोष्ट सांगा म्हटलं की खून-दरोड्यांच्या आधी मला तीच आठवते. सायबर ठाण्यात माझी बदली नुकतीच झाली होती. उभी हयात अफझलगंजच्या बाजारात पाकीटमार धरण्यात गेली आणि निवृत्तीच्या तोंडावर वरिष्ठांनी मला संगणकासमोर बसवलं. मी मनातल्या मनात पुष्कळ चरफडलो आणि कामाला लागलो.

एका सकाळी कुकटपल्लीहून दोन मराठी बायका आल्या. सख्ख्या जावा. धाकटीचे डोळे रडून सुजलेले, थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. हैदराबादच्या ठाण्यात मराठी क्वचितच कानावर पडतं, म्हणून तक्रार ऐकायला मीच बसलो.

धाकटी घरून जेवणाचे डबे द्यायची. जवळच्या पाळणाघरातल्या मुलांचं दुपारचं जेवण तिच्याकडूनच जायचं. शिवाय इंटरनेटवर मराठी लोकांचा एक गप्पांचा मंच आहे, तिथे ती पाककृती लिहायची. बाई तिथे चांगलीच गाजलेली होती. एकेका पाककृतीखाली कौतुकाच्या प्रतिसादांची रांग लागायची. आणि अशाच एका पाककृतीच्या धाग्यावर, म्हणजे प्रतिसादांच्या त्या रांगेत, कोणा नव्या, निनावी सदस्याने लिहिलं होतं की, हिच्या डब्यातली अंबाडीची भाजी खाऊन पाळणाघरातल्या एका लेकराला उलट्या झाल्या, घाणीत स्वयंपाक करते ही बाई.

असं काही झालंच नव्हतं. पण पाळणाघरातल्या मुलांच्या आयांनी ते वाचलं आणि डबा बंद झाला.

"साहेब, रस्त्यात बायका मला बघून तोंड फिरवतात. लेकरांना विष घातल्यासारखं बघतात," धाकटी म्हणाली. "मला पैसे नक्को, काई नक्को. फक्त हे मी केलं नाही एवढं लोकांना कळू द्या."

"त्याला सोडू नका, साहेब," थोरली म्हणाली.

मी पेटिशन, म्हणजे तक्रारीचा अर्ज, नोंदवून घेतली आणि ठरलेला प्रश्न विचारला, "कोणावर संशय?"

धाकटीने त्याच गल्लीत डबे देणाऱ्या दुसऱ्या एका बाईचं नाव घेतलं. मी तिची चौकशी केली. तिने मलाच फैलावर घेतलं. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं आणि मंच म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. मंच चालवणाऱ्यांना नोटीस पाठवली. त्यांचं उत्तर सावकाश आलं, तेही निरुपयोगी. कोणत्या मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून लिहिलं गेलं एवढंच कळलं, आणि त्या जाळ्यात अर्धं शहर होतं.

मी तो निनावी मजकूर पुन्हा वाचायला घेतला. एक गोष्ट खटकली. पाळणाघरात अंबाडी त्या आठवड्यात पहिल्यांदाच गेली होती. मजकूर ती गेली त्याच दिवशी दुपारचा होता. पाळणाघरातल्या नोकरांना मराठी लिहिता येत नव्हतं आणि डब्यात काय गेलं ते आयांना संध्याकाळपर्यंत कळत नसे. बाहेरच्या माणसाला इतक्या लवकर डब्यातली भाजी कशी कळणार? माझ्या हाताखालची महिला कॉन्स्टेबल पक्की हैदराबादी. तिने कागदावर एक नजर टाकली आणि म्हणाली, "सार, ये तो घरीच का मामला दिखरा."

धाकटीला पुन्हा बोलावलं. मी तिला विचारलं, "स्वयंपाकातली अशी एखादी गोष्ट आहे का, जी तुम्ही मंचावर कधीच लिहिली नाही?"

ती विचारात पडली. "हौ, एक आहे. अंबाडी उकडली की लोक ते आंबट पाणी फेकतात. आमच्याकडे ज्वारीच्या कण्या त्याच पाण्यात शिजवतात. अक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणाल्या होत्या, हे घरातलं घरातच राहू दे. म्हणून नाही लिहिलं."

"आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही. मी आन् अक्का." मग माझा चेहरा बघून ती ताडकन उठली. "अक्कांचं नाव घेऊ नका हं साहेब! त्या मला आईसारख्या आहेत."

त्या मंचावर प्रत्येक सदस्याला 'माझे लेखन' म्हणून एक पान असतं. आपण कधी काय लिहिलं, कोणाला काय उत्तर दिलं, आपल्याला कोण काय म्हणालं, सगळं तिथे ओळीने सापडतं. धाकटीचं ते पान मी माझ्या बायकोकडून तपासून घेतलं. आमची ही त्या मंचाची जुनी वाचक. पाण्याची गोष्ट कुठेच नव्हती, अगदी कोणाच्या शंकेला दिलेल्या उत्तरातही नाही.

मग हिच्याकडूनच मी त्या बदनामीच्या मजकुराखाली एक प्रतिसाद लिहून घेतला: 'या बाईंची पद्धत मला माहीत आहे. अंबाडीचं पाणी फेकून द्यायचं आणि कण्या साध्या पाण्यात वेगळ्या शिजवायच्या. त्यांनी स्वतः शोधून काढलेली पद्धत आहे. एवढ्या हुशार बाईच्या हातून चूक होणार नाही.' लिहिताना बायको मला म्हणाली, "अशी भाजी कोणी केली तर मी तिच्या घरचं पाणी पिणार नाही." पण लिहिलं.

दुपार व्हायच्या आत निनावी सदस्य धावत आला. 'हिने शोधून काढली म्हणे! ठाऊक नसेल तर लिहू नये. ते पाणी फेकत नाहीत. कण्या त्यातच शिजवायच्या, तिथेच तर चव आहे.'

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी, महिला पोलिसांसमोर करायची असते. कॉन्स्टेबलला घेऊन मी कुकटपल्लीला गेलो. थोरलीने आम्हाला चहा दिला. धाकटी दाराशी उभी होती. मी खिशातून कागद काढून तो प्रतिसाद वाचला आणि विचारलं, "अक्का, हे कोणी लिहिलं असेल?"

त्यांनी आमचे कप उचलून ट्रेमध्ये ठेवले. मग म्हणाल्या, "चुकीचं लिहिलं होतं ना त्या बाईनं. कसं राहवेल?"

धाकटी दारातून आत आली.

"ही इंग्रजी शाळेतली," थोरली माझ्याकडे बघून बोलू लागली, धाकटीकडे नाही. "बोलते मराठी, पण वाचायची बोंब. फोनमध्ये बोलून लिहिते. आन् रोज संध्याकाळी फोन माझ्या हातात देते. अक्का, बघा ना काय काय लिहिलंय लोकांनी, वाचा ना. मग मी वाचायचं. वा वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे. वा ताई, तुम्ही अन्नपूर्णा. माझं पुरण, माझी अंबाडी, मी हिला हाताला धरून शिकवलेली. आन् हिची वाहवा मी माझ्या तोंडानं वाचायची. रोज. जळत होते मी, साहेब."

"आणि तो उलट्यांचा मजकूर?" मी विचारलं.

"तो पण मीच वाचून दाखवला."

त्या खोलीत पुढे जे रडणं झालं ते मी लिहीत नाही. बाहेर पडताना धाकटीने मला एवढंच विचारलं, "साहेब, मी कधीच त्यांचं नाव लिहिलं नाही का हो?" ते पान हिने तपासलं होतं. नव्हतं लिहिलं, हे मला सांगावं लागलं.

थोरलीने स्वतःच्या नावाने मंचावर खातं उघडलं आणि आपण खोटं लिहिलं होतं, हे कबूल केलं. पाळणाघराचा डबा पुन्हा सुरू झाला आणि धाकटीने पेटिशन मागे घेतली. माझ्यापुरतं काम संपलं.

त्यानंतर मी तपासाची सुरुवात 'कोणाशी वैर आहे का' या प्रश्नाने करणं सोडलं. वैरी दुरून शिव्या घालतो, त्याला शोधणं सोपं असतं. तक्रारदाराचं कौतुक चाललेलं असताना शेजारी कोण बसलं होतं, हे मी आधी विचारू लागलो. आमच्या खात्यातही पदकांची नावं आली की मी पदकवाल्यापेक्षा त्याच्या शेजारच्या टेबलाकडे बघायचो. हेवा सगळ्यांनाच होतो. मात्र काहींना तो रोज, जवळ बसून, हसऱ्या चेहऱ्याने गिळावा लागतो, आणि अशा माणसांचा संयम फार दिवस टिकत नाही.

परवा ही म्हणाली, थोरलीच्या पाककृतींनाही आता खूप प्रतिसाद येतात. मी धाकटीचं विचारलं. ती आपल्याला विद्यानगरच्या भाजी बाजारात भेटली होती, असं हिने सांगितलं. पोरगी मराठी वाचायला शिकते आहे. संध्याकाळी फोन घेऊन बसते आणि आपले प्रतिसाद बोट ठेवून, अडखळत, स्वतःच वाचते. शब्द अडला तरी शेजारच्या खोलीत अक्कांना विचारायला जात नाही.