अनुश्रीचे सहा लाख चाळीस हजार

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या देशकरांच्या दोन मुली. थोरली ज्ञानदा, धाकटी अनुश्री. वडील श्यामकांत मूळचे वर्ध्याकडचे. रेल्वेच्या नोकरीनं रायपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले. थोरली हुशार म्हणून तिला हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकायला पुण्याला पाठवलं. त्यासाठी नऊ लाखांचं कर्ज काढलं आणि कागदावर सहकर्जदार म्हणून श्यामकांतांनी सही केली. धाकटीनं रायपुरातच बी.कॉम. केलं आणि एकविसाव्या वर्षी तेलीबांध्याला एका विम्याच्या ऑफिसात चिकटली. तेव्हा सगळ्यांना, आणि सगळ्यांत जास्त ज्ञानदाला, वाटलं होतं की बिचारी मागे राहिली.

ज्ञानदा परत आली आणि नवा रायपूरच्या एका खाजगी दवाखान्यात प्रशासनात लागली. हुद्दा चांगला, केबिन एसीची. पण कर्ज तोवर व्याजासकट अकरा लाखांवर गेलं होतं. महिन्याच्या सात तारखेला खात्यातून चौदा हजार आठशे चाळीस रुपये जायचे. बूढापाऱ्यातून स्कूटीवर पंचवीस किलोमीटर जायचं, तितकंच यायचं. पेट्रोल, घरखर्चाचे आठ हजार आणि हप्ता गेला की हातात राहायचं ते महिनाअखेरीपर्यंत टिकत नसे. चार वर्षांत तिनं सात लाखांच्या वर भरले होते आणि मुद्दल उतरलं होतं जेमतेम तीन लाख. हे गणित तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं.

एका रविवारी अनुश्रीनं मोबाईल बाबांपुढे धरला. "बाबा, देखो ना."

श्यामकांतांनी चष्मा लावून आकडा मोठ्यानं वाचला. "सहा लाख चाळीस हजार! एवढे कुठून आणले वं?"

"सात साल से म्युच्युअल फंड में हर महीने एसआयपी चल रही है. पहले दो हजार, अब आठ. ऑफिसवाले सर ने शुरू करवाई थी."

"गोदावरी, इकडे ये," बाबांनी आईला हाक मारली. "आपल्या पोट्टीनं पहा काय करून ठेवलं!"

ज्ञानदा कणीक मळत होती. "छान," ती म्हणाली, आणि कणकेत पाणी जास्त पडलं. नोकरी लागली तेव्हा बाबांनी आईला अशी हाक मारली नव्हती. डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले होते, "आता हप्ते वेळेवर भरजो बेटा."

त्या दिवसापासून तिला अनुश्रीचं सगळंच खुपायला लागलं. तिची नवी चप्पल, तिचं उशिरा उठणं, तिचं गुणगुणणं. ही बी.कॉम. पोट्टी खात्यात सहा लाख घेऊन फिरते आणि मी, मास्टर्स केलेली, अजून बँकेची आठ लाखांची देणेकरी. दोघींमधलं अंतर चौदा लाखांचं. थोरल्या बहिणीला धाकटीचा हेवा वाटतो हे बोलायचं तरी कुणाजवळ? म्हणून ती बोलली नाही, फक्त धुसफुसत राहिली.

मार्चमध्ये दवाखान्यानं थकलेला इन्सेन्टिव्ह दिला. एकरकमी एक लाख वीस हजार. अकाउंट्सचे निरंजनभैया भला माणूस. त्यांना तिनं विचारलं, "फंडात टाकू का कर्जात भरू?"

"कर्ज किती टक्क्यांनी आहे?"

"साडेदहा."

"मग कर्जात भर. तेवढे साडेदहा टक्के पक्के वाचले. बाजार जास्त देईल, नाही तर नाहीबी देणार. अगदीच मन होत असेल तर थोडे फंडात टाक, सवय लागायले. पण आधी दोन-तीन महिन्यांच्या हप्त्याइतके पैसे बाजूले ठेव."

"हव भैया," ती म्हणाली. आणि घरी जाऊन सगळेच्या सगळे छोट्या कंपन्यांच्या एका फंडात टाकले, कारण मागच्या वर्षी त्याच फंडानं सर्वांत जास्त दिलं होतं. वर दर महिन्याच्या पाच तारखेची बारा हजारांची एसआयपीही लावली. अनुश्रीनं आठपर्यंत यायला सात वर्षं घेतली होती, ही बारापासून सुरू करणार होती.

दोन महिने तिनं कसेबसे काढले. दुपारच्या थाळीऐवजी कॅन्टीनमध्ये नुसता चहा घ्यायची. तिसऱ्या महिन्यात स्कूटीचं टायर बदलावं लागलं. पाच तारखेला बारा हजार गेले आणि सातला खात्यात नऊच उरले. कर्जाचा हप्ता परत गेल्याचा मेसेज आला. तिनं तो वाचला. ती बारा हजारांची एसआयपी आधीच थांबवता आली असती, हे तिला ठाऊक होतं. एक महिना चुकला तर काय बिघडते, असं म्हणून तिनं मोबाईल पालथा ठेवला आणि कामाला लागली. फंडातल्या एकरकमी एक लाख वीस हजारांचे तोवर एक लाख चार हजार झाले होते.

पुढच्या महिन्यात बँकेच्या ॲपवर पाहिलं, तर मागचा हप्ता भरलेला. दंडासकट. भरणाऱ्याचं नाव, अनुश्री श्यामकांत देशकर.

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा अनुश्री गच्चीवर कपडे काढत होती.

"माहा हप्ता तू काहून भरला?"

"बँक से बाबा को फोन आया था," अनुश्री चिमटे गोळा करत म्हणाली. "बाबा धूप में ब्रांच जाने को निकले थे, पासबुक लेके. रस्ते में मिले मुझे. मैंने वहीं खडे-खडे भर दिया. बाबा बोले, ताई को मत बताना, उसको बुरा लगेगा."

"मले दाखवाचं होतं न तुले? की पहा, मीच बाबांची इज्जत राखून राहिली?"

"दिखाना होता तो बताती ना, ताई."

ज्ञानदा जास्तच चिडली. "तुले काय कळते कर्ज म्हणजे काय? कर्ज न घेता राहिली, म्हणून जमले तुह्याजवळ पैसे. मी शिकली. तू काय केलं?"

अनुश्रीनं कपड्यांची घडी खाली ठेवली. नेहमीची हिंदी सोडून या वेळी ती मराठीत बोलली, हळू आवाजात. "मी बी शिकणार आहे. नागपूरले एमबीएले नंबर लागला माहा. साडेपाच लाख फी आहे, त्याच्यासाठीच जमवले. बाबांले परत कुठं सही करा म्हणायचं नव्हतं मले."

ज्ञानदाच्या मनात शरमेच्या आधी हेवाच आला. म्हणजे आता डिग्रीही हिच्याजवळ, आणि तीही बिनकर्जाची! शरम आली ती नंतर, बाबांचं पासबुक हातात धरून उन्हात निघणं डोळ्यांपुढे आलं तेव्हा. ती कपड्यांची चळत उचलून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी ती निरंजनभैयांसमोर बसली आणि सगळं सांगितलं. हेव्याचं तेवढं सोडून. त्यांनी कपाळाला हात लावला, पण रागावले नाहीत. फंड तोट्यात विकला. अनुश्रीचे पैसे परत केले, तीन हप्त्यांचे वेगळ्या खात्यात टाकले, उरलेले कर्जाच्या मुद्दलात भरले. बारा हजारांची एसआयपी बंद करून दोन हजारांची लावली, तीही दहा तारखेची, म्हणजे हप्ता आधी जाईल. दोन हजार पाहून तिला हसूही आलं आणि रडूही. एकविसाव्या वर्षी अनुश्रीनं इथूनच सुरुवात केली होती.

बाबांना तिनं स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "मले फोन आला तेव्हा पहिलं हेच वाटलं की तुले काही झालं. पैशाचं मागून सुचलं."

जुलैत अनुश्री नागपूरला गेली. बॅग ज्ञानदानंच भरून दिली, आपली चांगली शालसुद्धा आत घातली, आणि गाडी सुटल्यावर स्टेशनबाहेर स्कूटीपाशी उगाचच बराच वेळ उभी राहिली.

त्यानंतर दर वर्षी इन्सेन्टिव्हचा मोठा भाग ती मुद्दलात भरते. कर्ज दीडएक वर्ष आधी संपेल असं बँकेनं सांगितलंय. एसआयपी दोनाची तीन झाली आहे. हेवा मात्र गेला नाही. पहिल्या सेमिस्टरला अनुश्री वर्गात दुसरी आली, तेव्हा आईनं फोन स्पीकरवर टाकला. ज्ञानदा हात धुवायचं निमित्त करून मोरीत गेली आणि नळ सोडून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग हात पुसून बाहेर आली, आईच्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "पहिली काहून नाही आली वं?"

पलीकडून अनुश्री खळखळून हसली, आणि मग हिलाही हसू आलं.